चप्पल निघाली परदेशी!

कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलं की चप्पल लाईनमध्ये एक चक्कर होतेच. दुकानदारकाका चार-पाच जोड समोर मांडतात. आपण एक पायात घालतो, दोन पावलं चालतो, कर्र-कर्र आवाज ऐकतो. "काका, अंगठ्यात घट्ट होतेय," म्हटलं की ते म्हणतात, "थांब बाळ, दुसरी देतो." मग आई भाव करते आणि खरेदी होते.

आता समजा, हीच चप्पल जर्मनीतल्या, अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या माणसाला घ्यायची आहे. तो ती घालून बघणार कशी? त्याच्यासमोर असतं पडद्यावरचं एक पान. त्यावर फोटो, नाव, माप, किंमत आणि चार ओळी माहिती. याला म्हणतात 'लिस्टिंग'. दुकानदारकाकांचं सगळं बोलणं आता या पानानं बोलायचं, आणि तेही प्रत्येक देशाला कळेल असं!

आठ नंबर म्हणजे किती?

पहिली अडचण मापाची. आपल्याकडचा ८ नंबर इंग्लंडमध्येही ८ च. पण अमेरिकेत पुरुषांसाठी तोच होतो ९, आणि जर्मनीत ४२! असं का? इंग्लंडचं माप निघालं जवाच्या दाण्यावरून. तीन दाणे म्हणजे एक इंच, म्हणून तिथे एका नंबराचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा. युरोपात एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचा दोन-तृतीयांश भाग. जपानी लोकांचं सगळ्यात सोपं, ते सरळ सेंटिमीटरच सांगतात.

पानावर नुसतं '८' लिहिलं, तर अमेरिकेतल्या ८ नंबरवाल्याला चप्पल मोठी होणार. ती परत आली तर येण्याजाण्याचा खर्च कधी कधी चपलेच्या किमतीहून जास्त होतो. कारागिरानं हातानं कातडं कापलं, पट्टे शिवले, वेणी विणली. ती मेहनत एका आकड्यापायी वाया! म्हणून हुशार विक्रेता सगळ्या देशांचे नंबर कोष्टकात देतो आणि पावलाची लांबी सेंटिमीटरमध्येही लिहितो.

नाव सांग, गाव सांग

दुसरी गोष्ट नावाची. गिऱ्हाईक आपल्या बोलीतला शब्द टाकून वस्तू शोधतं. अंगठ्यात अडकवायच्या रबरी सपातेला न्यूझीलंडमध्ये 'जँडल' म्हणतात, तर अमेरिकेत 'फ्लिप-फ्लॉप'. म्हणून प्रत्येक देशासाठी वर्णन नव्यानं लिहावं लागतं. नुसतं यंत्रानं भाषांतर करून भागत नाही. त्या भाषेच्या जाणकाराकडून ते तपासून घ्यावं लागतं.

पण 'कोल्हापुरी' हा शब्द मात्र बदलायचा नाही, बरं का! या नावाला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांत परंपरेनं बनणारी चामड्याची चप्पल ती कोल्हापुरी. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीनं अशाच चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. खूप टीका झाली, तेव्हा या चपला भारतीय हस्तकलेवरून सुचल्याचं कंपनीनं मान्य केलं. नावाची किंमत किती असते, पाहिलंत ना?

जकातीची गुप्त भाषा

पार्सल सीमेवर पोचलं की जकात अधिकारी विचारतात, "आत काय?" आता तिथे मराठी कोण समजणार? त्यासाठी आकड्यांची एक भाषा आहे. १९८८ पासून चालू असलेल्या या पद्धतीत प्रत्येक वस्तूला सहा अंकी क्रमांक असतो आणि तो जगभर सारखाच. गंमत म्हणजे, चामड्याचा तळ आणि पावलावरून व अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे असलेल्या पादत्राणांना त्यात स्वतंत्र क्रमांक आहे: ६४०३२०. जणू कोल्हापुरी समोर ठेवूनच लिहिलेला!

किमतीचंही तसंच. युरोपात दाखवलेल्या किमतीत कर धरलेला असतो. अमेरिकेत तो बहुधा बिल करताना वर लागतो. शिवाय नियम बदलतात. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलना मिळणारी जकातमाफी २०२५ च्या ऑगस्टमध्ये थांबली. ज्यानं नियम वाचले नाहीत त्याचा हिशेब चुकला! आणि हो, डिसेंबरात युरोप गारठलेला असतो, पण ऑस्ट्रेलियात उन्हाळा. तेव्हा चप्पल कुणाला आधी दाखवाल?

पालकांसाठी एक सूचना. परदेशी माल विकण्यासाठी सरकारकडून आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो आणि खातं मोठ्यांच्याच नावानं उघडतं. पण मोजमाप करणं, फोटो काढणं, वर्णन लिहिणं यात मुलांची मदत जरूर घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. हातानं बनवलेले दोन जोड रंगात तंतोतंत सारखे नसतात. नवी चप्पल थोडी चावते. पाण्यात भिजली तर खराब होते. हे लपवायचं का? मुळीच नाही! दुकानात काका तोंडानं सांगतात, इथे पानावर लिहायचं. हजारो मैलांवरचा माणूस आपल्या शब्दावर भरवसा ठेवून आधी पैसे देतो, विसरू नका.

चला, करून पाहा! कागदावर पाऊल ठेवून त्याची लांबी मोजा. मग घरातली एक वस्तू निवडा आणि जपानमधल्या मित्राला ती न बघता कळेल असं पाच ओळींत लिहा. लिहिलेलं आजीला वाचून दाखवा. तिनं वस्तू ओळखली, तर तुमची लिस्टिंग पास!