कोर्टाची पायरी आणि फुकटचा वकील

महिन्याला लाखभर पगार घेणाऱ्या बाईला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो का? बहुतेक लोक हसून नाही म्हणतील. कायदा मात्र हो म्हणतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 मध्ये मोफत मदतीला कोण पात्र आहे याची यादी आहे. त्यात स्त्रिया आणि मुलं यांच्यापुढे उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीचे बळी, पूर-दुष्काळ-भूकंपाने किंवा जातीय अत्याचाराने पोळलेले लोक आणि कोठडीत असलेला कुणीही, यांनाही ती नाही. या यादीत कुठेच न बसणाऱ्यालाच उत्पन्न विचारलं जातं. महाराष्ट्रात त्याची मर्यादा वर्षाला 3 लाख रुपये आहे, सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणासाठी 5 लाख.

तेव्हा पिवळं रेशनकार्ड नसलं तरी अडत नाही. उत्पन्नाबद्दल अर्जदाराने केलेलं प्रतिज्ञापत्र कलम 13 नुसार पुरेसं धरता येतं. त्यावर अविश्वास दाखवायचा तर प्राधिकरणाकडे कारण हवं. आणि हे प्रतिज्ञापत्र पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करायला कुणी सांगितलं तर त्याच्या टेबलावरून उठावं. न्यायालयात किंवा शासकीय कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी स्टॅम्पपेपर खपतातच.

दुसरी समजूत अशी, की ही सगळी सरकारची मेहेरबानी. मिळाली तर मिळाली. ही समजूत खोडून काढणारे काही महत्त्वाचे निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणांतून आले आहेत. 1978 साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या प्रकरणात शिक्षा झालेला एक प्राध्यापक सर्वोच्च न्यायालयात गेला, तोही चार वर्षं उशिरा, कारण निकालपत्राची प्रत त्याच्या हातात पडलीच नाही असं त्याचं म्हणणं होतं. त्याची याचिका फेटाळली गेली. पण न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याच निकालात लिहून ठेवलं की कैद्याला निकालाची प्रत मोफत द्यायची आणि वकील परवडत नसेल तर तोही द्यायचा, हे राज्याचं कर्तव्य आहे. माणूस हरला, पण त्याच्यामागून येणाऱ्यांचं काम झालं.

पाच वर्षांनी शीला बारसे यांचं प्रकरण आलं. मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्रियांशी बोलून, पोलीस कोठडीत त्यांना झालेल्या मारहाणीबद्दल या पत्रकार बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. 1983 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवायचं. 1986 मध्ये सुक दास खटल्यात आणखी एक पळवाट बंद झाली. आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याचा हक्क जात नाही, असं न्यायालयाने ठरवलं. आणि 2012 मध्ये, ज्याच्याबद्दल कुणालाही सहानुभूती नव्हती त्या कसाबच्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच म्हटलं की आरोपी पहिल्यांदा समोर आणला जातो तेव्हाच त्याला या हक्काची पूर्ण कल्पना देणं हे दंडाधिकाऱ्याचं काम आहे. कामात कुचराई केली तर खातेनिहाय कारवाई होऊ शकते. मेहेरबानीला असली भाषा लागत नाही.

इथे एक गोंधळ निस्तरायला हवा. फौजदारी खटल्यात ज्याला आपण सरकारी वकील म्हणतो तो सरकारच्या बाजूने खटला चालवतो, आरोपीचा बचाव करणं हे त्याचं काम नव्हे. अनेक आरोपींचे नातेवाईक कोर्टाच्या व्हरांड्यात त्यालाच गाठून आपली बाजू सांगत बसतात, हे चित्र काही नवं नाही. बचावासाठी आता अनेक जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालय आहे. 2022 च्या योजनेतून नेमलेले हे वकील फक्त विधी सेवेची फौजदारी कामं पाहतात. दिवाणी, कौटुंबिक वगैरे प्रकरणांसाठी प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील असतात. नवरा-बायको दोघंही पात्र असतील तर दोघांनाही मदत मिळते, अर्थात वकील वेगवेगळे.

‘फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील’ हे मत सरसकट खरं नाही आणि सरसकट खोटंही नाही. पॅनेलच्या वकिलाला मिळणारं मानधन बाजारभावाच्या मानाने तुटपुंजं असतं, आणि मन लावून काम न करणारे भेटतातही. तसे ते भरपूर पैसे मोजूनही भेटतात. फरक असा, की इथे वरती कुणीतरी आहे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात, सचिवही न्यायिक अधिकारीच असतो, आणि पॅनेलच्या वकिलांच्या कामावर देखरेख ठेवायला समिती नेमलेली असते. वकील तारखेला येत नसेल तर तसं लेखी कळवून तो बदलून मागता येतो.

पण माझ्या मते सगळ्यात महाग पडणारा गैरसमज वेगळाच आहे. मोफत मदत म्हणजे कोर्टात उभा राहणारा वकील, असं समजून लोक फार उशिरा जातात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो, आणि मग ही म्हण इतकी मनावर घेतो की पोस्टमनने आणलेली नोटीसही घेत नाही. ‘नोटीस घेतलीच नाही तर केस होणारच नाही’ हा सल्ला गावोगाव दिला जातो. प्रत्यक्षात योग्य पत्त्यावर आलेली नोटीस नाकारली तर ती पोचली असं धरलं जातं आणि प्रकरण एकतर्फी पुढे जातं. चेक न वटल्याची नोटीस आली, तर पैसे भरून फौजदारी टाळायला मिळतात अवघे 15 दिवस. दिवाणी दाव्यात कैफियत द्यायची मुदत 30 दिवस, फार तर ती 90 पर्यंत वाढते. हे आधी कळलं तर पुष्कळ वाचतं, आणि हे सांगणं हाही कायद्याने विधी सेवेचाच भाग आहे. ‘विधी सेवा’ या व्याख्येत खटला चालवण्याबरोबर कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणंही येतं. प्राधिकरणाची 15100 ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे. आपल्या केसची पुढची तारीख पाहायलाही कुणाच्या हातावर शंभराची नोट ठेवायला नको. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर केसचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की ती फुकट दिसते.

लोकअदालतीबद्दल थोडक्यात. तिथे तडजोड करायची सक्ती नाही. दोघांपैकी एक जरी नाही म्हणाला तरी प्रकरण जसंच्या तसं कोर्टात परत जातं. मात्र एकदा सही झाली की तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका पक्का होतो आणि त्यावर अपील नाही. तेव्हा ‘आत्ता सही करू, मग वर जाऊ’ हा हिशेब चुकीचा. वाचल्याशिवाय, विचारल्याशिवाय सही करू नये. तडजोड झाली तर भरलेलं कोर्ट शुल्क मात्र परत मिळतं.

मोफत म्हणजे सगळंच मोफत, असंही नाही. कोर्ट शुल्क, टंकलेखन, भाषांतर, प्रमाणित प्रती यांचा खर्च प्राधिकरण करतं. दंड, पोटगी, नुकसानभरपाई ज्याची त्यानेच भरायची. जामिनाचे पैसेही यात येत नाहीत, पण केवळ त्या रकमेसाठी तुरुंगात अडकलेल्या गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची 2023 ची वेगळी योजना आहे. तीत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत मदत होऊ शकते. आणि ज्या प्रकरणात प्रथमदर्शनी काहीच दम नाही, तिथे अर्ज नाकारण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे.

अर्ज करायचा तो तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाकडे. तो मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलंही ऐकून घेतलं जातं. तुरुंगातून तो अधीक्षकांमार्फत पाठवता येतो. अर्जाला शुल्क नाही. वकील नेमल्यावर त्याने ‘थोडा खर्चापुरता’ म्हणूनही पैसे मागायचे नाहीत, नियमात त्याला साफ मनाई आहे. मागितलेच, तर तारीख आणि रक्कम कागदावर लिहून प्राधिकरणाच्या सचिवांकडे द्यावी आणि त्या कागदाच्या प्रतीवर पोच घ्यावी.