रानाचे अनपेक्षित सोबती : वणवा-प्रतिबंध आणि शाळेतील मुले

मुलांच्या आवडत्या गोष्टींत जादूचे रान हमखास असते. त्या रानात झाडे बोलतात, रात्री फुले उमलतात, आणि रानावर संकट आले म्हणजे ज्यांच्याकडून कोणी काही अपेक्षिले नव्हते असे क्षुद्र किंवा भयंकर वाटणारे जीव एकत्र येऊन ते परतवितात. पंचतंत्रातील ‘मित्रसंप्राप्ती’ या तंत्रात कावळा, उंदीर, कासव व हरीण यांची मैत्री अशीच आहे. पारध्याने लावलेला पाश तेथे कोणी बलवान प्राणी तोडीत नाही. तो उंदराच्या दातांनी तुटतो. ही गोष्ट वर्गात सांगून झाल्यावर शिक्षकांनी एक पाऊल पुढे टाकावे व गावालगतच्या खऱ्या रानाचे सोबती कोण, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. त्या प्रश्नाचे उत्तर या लेखात पाहावयाचे आहे.

आपले रान

साकोली तालुक्यातील एकोडी व त्यासारख्या गावांतील मुलांना रान परके नाही. झाडीपट्टी हे या मुलुखाचे नावच झाडीवरून पडले आहे. धानाच्या बांध्या, जुने मालगुजारी तलाव आणि त्यांच्या पलीकडे साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह व बांबू यांचे जंगल, असा हा प्रदेश. नागझिऱ्याचे अभयारण्य १९७० साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १५३ चौरस किलोमीटर आहे. २०१३ साली नवेगाव व नागझिरा यांचा मिळून व्याघ्रप्रकल्प करण्यात आला. वाघ, बिबट, अस्वल, रानगवा व रानकुत्री यांचे हे वसतिस्थान होय.

या रानातील खरी जादू पाहावयाची असेल, तर ती मोहाच्या झाडाखाली पाहावी. फाल्गुन-चैत्रात झाडाची पाने गळतात व फांद्यांच्या टोकांशी फुलांचे घोस येतात. फुले रात्री उमलतात आणि पहाटे त्यांच्या मांसल, गोड पाकळ्यांचा सडा जमिनीवर पडतो. गोंड समाजात या वृक्षास पूज्य मानतात. उजाडण्यापूर्वी आया टोपल्या घेऊन निघतात, आणि त्यांच्याबरोबर शाळेत जाणारी मुलेही निघतात. वेचलेली फुले अंगणात वाळवून विकली जातात. धानाचा हंगाम संपलेला व पुढील पेरणी दूर असलेल्या त्या दिवसांत अनेक घरांत रोख पैसा येतो तो या फुलांतूनच.

ठिणगी कोठून पडते

मोह फुलण्याचे दिवस तेच पानगळीचे दिवस. झाडाखाली वाळलेल्या पाल्याचा थर साचतो आणि त्यात पडलेले फूल पहाटेच्या अंधुक प्रकाशात दिसत नाही. म्हणून पाला जाळून जागा साफ करण्याची जुनी वहिवाट आहे. आग लावणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु विस्तव नीट विझला नाही आणि दुपारी वारा सुटला, की तीच आग पाल्यावरून पुढे सरकते आणि तिचा वणवा होतो. तेंदूला कोवळी पालवी चांगली फुटावी म्हणून जमीन जाळणे, विडी-काडी तशीच टाकणे, ही वणव्याची अन्य कारणे. आपल्याकडील बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. म्हणूनच ते माणसाच्या हातूनच टळू शकतात.

वणव्याने काय जाते, हे मुलांस नीट समजावून द्यावे. मोहाची फळे उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात. त्यांच्या बियांची उगवणशक्ती फार थोडे दिवस टिकते, म्हणून पावसाच्या आरंभी रुजलेले रोप हीच पुढची पिढी. ते रोप पहिल्या उन्हाळ्यात वितभर असतानाच आगीत सापडले तर मरते. मोठी झाडे उभी दिसतात, म्हणून रान शाबूत आहे असे वाटते. पण त्यांच्याखाली पोरवयाची झाडे उरलेली नसतात. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, कासवे, सरडे, किडे यांना पळावयास वाव मिळत नाही. पाला जळून गेल्यामुळे उघडी पडलेली माती पहिल्याच जोराच्या पावसात वाहून तलावात उतरते. ज्या तलावावर धानाचे पाणी व धीवरांची मासळी अवलंबून, त्याच तलावात गाळ साचतो.

माणसांचे प्राणही जातात. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्याच्या जंगलातील वणवा विझविताना तीन मजूर आगीत सापडून मरण पावले. रोजंदारीवर आग विझविणारे ते हात अशाच रानकाठच्या घरांतले होते.

कोण कोणाचा सोबती

या रानाचे पहिले अनपेक्षित सोबती म्हणजे वटवाघळे. घरात वटवाघूळ शिरले तर अपशकुन मानतात. फळे खाणाऱ्या वटवाघळांची गणना कायद्यानेही उपद्रवी प्राण्यांत केलेली होती. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली. हीच वटवाघळे रात्री मोहाच्या फुलांवर येतात व परागीकरण करतात, आणि पुढे फळे दूर नेऊन बिया टाकतात. दुसरा सोबती अस्वल. मोहफुले, तेंदू, जांभळे व बोरे ते आवडीने खाते आणि त्यांच्या बिया त्याच्या विष्ठेतून रानभर पसरतात. आई ज्या झाडाखाली फुले वेचते, त्या झाडाच्या लागवडीत अशा जनावरांचा वाटा असतो. अस्वल हा सोबती खरा, पण जवळ जाण्याजोगा नव्हे. मोह वेचणाऱ्यांवर त्याचे हल्ले होतात. म्हणून एकट्याने व अंधारात जाऊ नये, हेही त्याच पाठात सांगावे.

माणसांतील सोबती याहून अनपेक्षित आहेत. मोह वेचणारी बाई व वनरक्षक यांच्यात बहुधा संशयाचे नाते असते. वनरक्षक दिसला की बाई वाट बदलते. झाडाखाली राख दिसली की वनरक्षकास बाई गुन्हेगार वाटते. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. तर २००६ च्या वनहक्क कायद्याने पात्र वननिवासींचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आहे. कायद्याची ही दोन्ही अंगे दोघांनाही ठाऊक असणे जरूर आहे. वस्तुतः रान जळाले तर दोघांचेही नुकसान होते. धान करणारा शेतकरी व तलावातला धीवर यांचेही तसेच. हे चौघे एकत्र बसत नाहीत. परंतु चौघांच्याही घरची मुले एकाच वर्गात, एकाच बाकावर बसतात. शाळेचे सामर्थ्य या गोष्टीत आहे.

लहानांच्या साहाय्याने रान वाचल्याचे उदाहरण आपल्या देशात आहे. २६ मार्च १९७४ रोजी, तेव्हाच्या उत्तर प्रदेशातील चमोली जिल्ह्यात, रेणी गावचे पुरुष बाहेरगावी गेलेले असताना ठेकेदाराची माणसे झाडे तोडावयास आली. ती जाताना एका लहान मुलीच्या दृष्टीस पडली व तिने धावत जाऊन गौरादेवींना वर्दी दिली. गौरादेवी सत्तावीस स्त्रिया व मुलींसह जंगलात गेल्या आणि तोड थांबली. पुढे शासनाने नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर त्या भागातील वृक्षतोड दहा वर्षे बंद ठेवण्यात आली. त्या मुलीने झाडास मिठी मारण्यापूर्वीचे काम केले : तिने पाहिले, आणि योग्य माणसास वेळेवर सांगितले. आपल्या मुलांकडूनही एवढेच अपेक्षावे.

शाळेने करावयाचे काम

१. गावालगतच्या मोहाच्या झाडांचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. कोणत्या झाडाखाली कोणते घर वेचते, हे मुलांना अचूक माहीत असते. अभयारण्यात वनोपज गोळा करण्यावर निर्बंध आहेत. ती झाडे या नकाशात धरू नयेत.

२. पाला जाळण्याऐवजी खराट्याने बुंध्यापासून दूर ओढून जागा मोकळी करणे, किंवा झाडाखाली जाळी अथवा जुनी लुगडी अंथरणे, हे दोन मार्ग पालकांस दाखवावेत. अंथरलेल्या कापडावरचे फूल मातीने मळत नाही, हा लाभ पालकांस लगेच पटतो.

३. पावसाळ्यानंतर जळालेल्या व न जळालेल्या जागी मोहाची रोपे मोजून वहीत नोंदवावीत. गणित व परिसर अभ्यास यांचा हा एकत्र पाठ होईल.

४. वनरक्षकास शाळेत बोलवावे आणि जाळरेषा कशी आखतात, हे त्याच्याच तोंडून ऐकवावे. त्याच दिवशी मोह वेचणाऱ्या एखाद्या वृद्ध बाईसही मानाने बोलवावे. झाडांची जी माहिती तिला आहे, ती वनरक्षकानेही ऐकावी.

५. धूर दिसल्यास मुलांनी घरच्या मोठ्या माणसांस व शिक्षकांस सांगावे आणि मोठ्यांनी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कोणत्याही परिस्थितीत मुलांना आग विझविण्यास नेऊ नये. २०२१ साली अनुभवी माणसेही वाचली नाहीत.

मार्च-एप्रिलमध्ये वर्गातील हजेरी घटते, ही शिक्षकांची नित्याची तक्रार आहे व ती रास्त आहे. मोहाच्या दिवसांत गैरहजर राहणारे मूल मागे पडते, आणि त्याला वर्गात आणणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु ज्या पहाटे ते मूल झाडाखाली असते, त्या पहाटे तेथे ना वनरक्षक असतो ना शिक्षक. आईने काडी ओढण्यापूर्वी, ‘आई, खराटा आणू का?’ असे विचारणारे तेच एक असते. तो प्रश्न त्याच्या तोंडी यावा अशी तयारी आधी व्हावयास हवी. वनविभाग वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतो. तेव्हा जानेवारीअखेर, मोहाचे पहिले फूल पडण्यापूर्वी, शाळेने पालक, वनरक्षक व धीवर मंडळी यांची एक सभा भरवावी आणि मुलांनी काढलेला झाडांचा नकाशा त्या सभेत मुलांनीच वाचून दाखवावा.