पाणी जातं कुठं?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सोलापूरच्या मित्राची दोन माणसांची, बुटकी लाल गाडी आठवड्याला अर्धा लिटर कूलंट ‘प्यायला’ लागली. शब्द त्याचाच. तो टाकी भरायचा, गाडी विजापूर रस्त्याला पळवून आणायचा आणि पुढच्या रविवारी पातळी पुन्हा खालच्या रेघेला टेकलेली. फरशीवर मात्र एक थेंब नाही. शेवटी गाडी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी हात लावण्याआधीच सांगितलं, “मालक, इंजिन पेट्रोल पितंय, एखाद वेळी ऑइल पितंय. पाणी पीत नसतंय. ते कुठंतरी जातंय बगा.”

सगळा मुद्दा या वाक्यात आहे. गाडीतल्या कूलंटचा फेरा बंद असतो: पंपातून इंजिनात, तिथून रेडिएटरला, निवून पुन्हा पंपाकडे. नीट असलेल्या गाडीत महिनोन्‌महिने पातळी हलत नाही. हलली, तर कुठंतरी वाट फुटलेली असते. वरून ओतत राहणं म्हणजे ती वाट शोधायचं पुढं ढकलणं.

सोलापुरात हे ढकलणं महागात पडतं. रेडिएटर उष्णता हवेत सोडतो ती दोघांच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. आतलं कूलंट 95 अंशांवर आणि बाहेर युरोपातली 20 अंशांची हवा असेल, तर फरक 75 चा. मे महिन्यात आपल्याकडे हवाच 45 ला पोचली की उरतात 50. म्हणजे त्याच जाळीकडून काम होतं दोन-तृतीयांश. त्यात गाडी स्पोर्ट्‌स कार असली तर नाक जमिनीला टेकलेलं, हवा घ्यायला जागा कमी आणि तापलेलं डांबर हातभर खाली.

समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर असल्यानं सोलापुरात पाणी शंभराच्या थोडं आधीच उकळतं. मग 95 अंशांचं इंजिन तगतं कसं? एक तर पाण्यात निम्मं ग्लायकॉल असतं. दुसरं म्हणजे टाकीचं झाकण. ते कुकरच्या शिट्टीचं भावंड आहे. आत सुमारे एक बार जास्तीचा दाब ते धरून ठेवतं, त्यामुळे उकळणबिंदू वीसेक अंशांनी वर सरकतो. झाकणाची स्प्रिंग थकली की गाडी हळूच वाफ सोडते आणि मालक रेडिएटर बदलायला निघतो. सगळ्यात स्वस्त वस्तू आधी तपासावी. अर्थात गाडी पूर्ण निवल्यावर. गरम झाकण उघडून चेहरा भाजून घेतलेली माणसं प्रत्येक गॅरेजला माहीत असतात.

जुन्या एसटीचे ड्रायव्हर स्टँडवर उतरून डबड्यानं पाणी ओतायचे, ते आठवत असेल. तेव्हा पाणी उडून जाणं हा प्रवासाचाच भाग होता. रेडिएटर गळला तर ट्रकवाले त्यात मूठभर हळद टाकत. हळद फुगून भोक बुजवत असे, आणि पितळी रेडिएटरच्या रुंद नळ्यांना ती पचतही असे. पुढं सवडीनं झाळून घ्यायचं. आजच्या ॲल्युमिनियमच्या अरुंद नळ्यांत हळद किंवा बाजारातली ‘लीक बंद’ पावडर घातली, तर गळतीबरोबर वाहणंही बंद होतं.

बोअरचं पाणीही नको. गीझरच्या कॉइलवर क्षारांचा जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनात बसतो. डिस्टिल्ड वॉटर वापरावं. आणि हिरव्या कूलंटमध्ये गुलाबी मिसळू नये. रंगावरून जात ठरत नाही हे खरं, पण रसायनं जुळली नाहीत तर आत गाळ धरू शकतो.

आता स्पोर्ट्‌स कारची खोड. दिलीप छाब्रियांच्या डीसी कंपनीनं 2012 च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ‘अवंती’ दाखवली. तिचं दोन लिटरचं रेनॉ टर्बो इंजिन बसणाऱ्याच्या पाठीमागे होतं. अशा मांडणीनं तोल छान साधतो, पण सगळं कोंबलेलं असतं आणि हाताला काही लागत नाही. पोर्शच्या बॉक्स्टरमध्ये तर इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, म्हणून कूलंटच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. मित्राच्या गाडीतही तशाच. रेडिएटरसमोरच्या खोबणीत पालापाचोळा साठतो, तो ओल धरतो आणि जाळी कुजवतो. आपल्याकडे त्यात उसाच्या ट्रॉलीतून उडालेलं पाचट आलंच.

मिस्त्रींनी शोध सुरू केला नाकानं. कूलंटला गोडसर वास असतो. तो गाडीच्या आत आला आणि काच धुरकटली, तर हीटरची जाळी गळते आहे. इथं नव्हता. सायलेन्सरमधून पांढरा धूर? नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय? नाही. तरी त्यांनी निळं रसायन भरलेली नळी टाकीच्या तोंडावर धरून इंजिन चालवलं. हेड गॅस्केट फुटलं असेल तर इंजिनातला वायू पाण्यात शिरतो आणि निळं पिवळं होतं. निळं निळंच राहिलं. मित्राचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा सैल झाला, कारण गॅस्केटसाठी इंजिन उतरवावं लागलं असतं.

मग हातपंप आणि घड्याळ. संध्याकाळी, गाडी कोमट असताना, टाकीत एक बार दाब भरला. वीस मिनिटं काटा जागेवर. “गाडी सोडून जावा,” ते म्हणाले. सकाळी सातला थंड गाडीवर पुन्हा तेवढाच दाब भरला, आणि दहा मिनिटांत काटा घसरला. म्हणजे गळती थंडपणी होती. गाडी उभी केली की रबर आकसतं, आत थोडा दाब अजून असतो आणि नेमक्या त्या वेळी पाणी झिरपतं. तापलेली गाडी तपासणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

पोटाखालचं प्लॅस्टिकचं आवरण काढलं. एका सांध्यावर गुलाबी-पांढरी पपडी होती आणि शेजारी स्पीडब्रेकरनं ओढलेला ओरखडा. थेंब त्या आवरणात साठून दुसऱ्या दिवशीच्या उष्णतेनं उडून जात होते, म्हणून फरशी कोरडी. नळीचं टोक पॉलिश पेपरनं घासून नवीन रबर बसवलं. क्लॅम्प मात्र स्क्रूचा न लावता स्प्रिंगचा लावला, कारण रबर आकसलं तरी तो मागोमाग आवळत जातो.

खरा वेळ गेला तो भरण्यात. इतक्या लांब नळ्यांत हवेचे बुडबुडे अडकतात. असा बुडबुडा सेन्सरपाशी बसला, तर इंजिन तापत असताना काटा निवांत राहतो. मिस्त्रींनी आधी आतली हवा ओढून घेतली, मग कूलंट आपोआप आत खेचलं गेलं. शेवटी त्यांनी टाकीवर मार्करनं रेघ मारली आणि शेजारी किलोमीटर लिहिले. मित्र अजून रोज सकाळी, चहाच्या आधी, ती रेघ बघतो.