मुकाट्याने तुटणारा पट्टा

मागे एकदा गाडीच्या बॅटरीविषयी रेडिओवर बोललो होतो. त्यानंतर जी पत्रे आली, त्यांत अकोल्याच्या एका शिक्षकांचे पत्र होते. त्यांच्याकडे १९९८ची मारुती ८०० आहे. नोंदणीचे नूतनीकरण करून ती त्यांनी अजून चालती ठेवली आहे. मुलगा अमरावतीला शिकतो, त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा मूर्तिजापूर-बडनेरामार्गे जाणे-येणे असते. टायमिंग पट्टा बदलावा काय असे त्यांनी मिस्त्रीला विचारले. मिस्त्री म्हणाला, "गाडी चालते ना सर? मंग कायले खोलता? तुटन तवा पाहू." शिक्षकांचा प्रश्न असा, की हा पट्टा आपण घरीच बदलू शकतो का?

बदलू शकता. पेट्रोलची जुनी, साधी गाडी असेल, हाताला पान्याची सवय असेल आणि एक अख्खा रविवार मोकळा असेल तर जरूर बदलू शकता. पण हा पट्टा करतो काय, ते आधी नीट समजून घ्या. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा विषय शिकवताना माझ्या लक्षात आले, की या कामात हात कच्चा असल्याने फारसे बिघडत नाही. समज कच्ची असली की बिघडते.

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो आणि पिस्टन वरखाली होतात. वर कॅमशाफ्ट फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. आत हवा-पेट्रोल घ्यायचे, दाबायचे, पेटवायचे आणि धूर बाहेर टाकायचा, ही चार कामे पिस्टनच्या चार फेऱ्यांत होतात. त्यासाठी क्रँक दोनदा फिरला की कॅम बरोबर एकदाच फिरला पाहिजे. क्रँकच्या मिनिटाला ३००० फेऱ्या होत असतील, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. हा मेळ टायमिंग पट्टा राखतो. आतून दाते असलेला रबराचा पट्टा दोन्ही पुल्यांवर बसवलेला असतो, तो घसरत नाही.

आपल्याकडे पूर्वी एका उखळात दोघी जणी आळीपाळीने मुसळ घालत. एकीचे वर, दुसरीचे खाली. ताल चुकला की मुसळावर मुसळ आदळे. काही इंजिनांची रचना अशीच असते. उघडा व्हॉल्व्ह जिथवर खाली येतो, त्याच जागेत पिस्टनही वर येतो; फक्त वेळ वेगळी. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, पण क्रँक वेगाच्या जोराने फिरतच राहतो. मग पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. काही इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा सोडलेली असते. तिथे गाडी नुसती बंद पडते. आपले इंजिन कोणत्या जातीचे, हे पट्टा तुटण्याआधी माहीत असलेले बरे. डिझेल इंजिनांत ही फट फारच कमी असते आणि पुष्कळदा तोच पट्टा डिझेल पंपही फिरवतो. म्हणून डिझेल गाडीचा पट्टा घरी बदलण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

असा दातेरी पट्टा प्रथम अमेरिकेत, १९४०च्या दशकात शिलाई मशिनसाठी तयार झाला. मोटारीत तो आणला जर्मनीच्या ग्लास कंपनीने, १९६२च्या सुमारास. आपल्याकडे अॅम्बॅसडर आणि पद्मिनी या साखळीवर चालणाऱ्या गाड्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर हा पट्टा घरोघर पोचला. साखळी सैल झाली की खडखडते, आठवडेच्या आठवडे तक्रार करते. पट्टा मात्र काही बोलत नाही. सकाळी गाडी झकास सुरू होते आणि दुपारी बोरगाव मंजूजवळ एकाएकी बंद पडते. "तुटन तवा पाहू" हा हिशेब साखळीच्या जमान्यातला आहे. पट्टा काही शेकड्यांत येतो, हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलायचे म्हटले की काही हजार जातात. शिवाय कुटुंबाला घेऊन रात्री हमरस्त्यावर उभे राहावे लागते, ते निराळेच.

बहुतेक कंपन्या ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान पट्टा बदलायला सांगतात, पण पुस्तिकेत वर्षांची मर्यादाही दिलेली असते. यांपैकी जे आधी भरेल ते धरायचे. वऱ्हाडात नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. लग्नसराई, शेगावची वारी आणि दिवाळी एवढ्यापुरतीच बाहेर निघणारी गाडी दहा वर्षांत ३० हजार किलोमीटरही चालत नाही. मालक म्हणतो, गाडी चाललीच कुठे! पण रबराचे वय गाडी उभी असली तरी वाढते. त्यात अकोल्याचा उन्हाळा. सावलीत पारा ४५ अंशांवर, तर बंद बॉनेटखाली काय असेल? उष्णतेने रबर कडक होते आणि दात्यांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात. तेलाने ते फुगते. पट्ट्यावरचे प्लास्टिकचे कव्हर एखाद्या दुरुस्तीत काढले आणि पुन्हा लावलेच नाही, असे आपल्या भागात सर्रास दिसते. मग काळ्या मातीची धूळ, एखादा खडा थेट दात्यांत जातो. अमरावती-अकोला रस्ता आता चांगला झाला आहे. जून २०२२ मध्ये याच टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला. चांगल्या रस्त्यावर आपण वेगाने जातो, म्हणजे पट्टा तुटतो तोही वेगातच.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मारुती ८००मध्ये इंजिन पुढे आडवे बसवलेले आहे. ओम्नीत ते पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे तिथे हात घालण्याची तऱ्हा वेगळी. इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पट्ट्याच्या बाजूचे पुढचे चाक उचलावे लागले तर गाडी घोडीवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. फॅनबेल्ट काढा. मग येते क्रँकची पुली. हे सगळ्यात कष्टाचे काम, कारण बोल्ट घट्ट असतात आणि पाना लावला की क्रँकच फिरू लागतो. दोन्ही पुढची चाके जमिनीवर ठेवून गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून बसवा. पाना अडकवून स्टार्टरचा झटका देण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. घरी ती बिलकुल करू नका, बोटे जातात.

पुढे गाडी न्यूट्रलमध्ये आणा, स्पार्क प्लग काढून ठेवा, म्हणजे इंजिन हाताने हलके फिरेल. कव्हर काढले की पट्टा दिसतो. तो लगेच ओढून काढू नका. वरच्या पुलीवर एक खूण असते, खालच्या दातेरी पुलीवर एक असते, आणि दोहोंच्या समोर इंजिनच्या अंगावर त्यांच्या जोडीच्या खुणा असतात. इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने गोटी पान्याने हळूहळू फिरवा आणि दोन्ही खुणा एकाच वेळी समोरासमोर आणा. बाहेरच्या पुलीवरची खाच स्पार्कच्या टायमिंगसाठी असते. ती म्हणजे पट्ट्याची खूण नव्हे. नवशिके हमखास इथे फसतात. खुणा जुळल्या की मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आमच्या वेळी आम्ही खडूने रेघा मारत होतो.

मग टेन्शनरचे बोल्ट सैल करून पट्टा उतरवा. आता कॅम किंवा क्रँक एकटा फिरवायचा नाही. टेन्शनरचे बेअरिंग बोटाने फिरवून पाहा. खरखर लागली तर बदला. खरे तर गाडी उघडलीच आहे तर बदलूनच टाका. ऑइल सीलजवळ ओल दिसली तर सीलही नवे लावा, नाहीतर नवा पट्टा तेलात भिजेल. जुना पट्टा घेऊन दुकानात जा, दाते आणि रुंदी ताडून पाहा. नव्या पट्ट्याला घडी घालू नये, तो उलटा करू नये, स्क्रू ड्रायव्हरने रेटून बसवू नये.

बसवताना टेन्शनरच्या विरुद्ध बाजूचा पट्टा आधी ताठ घ्या, ढील टेन्शनरच्या बाजूला येऊ द्या. स्प्रिंग टेन्शनरला ढकलते. क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि मगच टेन्शनर आवळा. दोनच का? कारण दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते आणि चारही खुणा पुन्हा समोरासमोर यायला हव्यात. एका दात्याचा जरी फरक दिसला तरी पट्टा काढून पुन्हा बसवा. एक दाता चुकला तर गाडी सुरू होते, पण ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते. मग माणूस महिनाभर कार्बोरेटरला दोष देत बसतो. फिरवताना मध्येच टणक अडथळा लागला तर जोर लावू नका. पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो. ही हाताने फिरवण्याची पायरी टाळून थेट किल्ली फिरवणाऱ्याने हे काम घरी करू नये, दुसऱ्यावर सोपवावे.

आणि समजा बदलण्याआधीच पट्टा वाटेत तुटला. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतो आणि इंजिन काही पकडत नाही, ही त्याची ओळख. आपल्याकडे अशा वेळी चार जण धावून येतात आणि "टाका गिअर, मारा धक्का" म्हणतात. भावना चांगली असते, पण गिअरमध्ये धक्का दिला की पिस्टन फिरतात आणि वाचलेले व्हॉल्व्हही वाकतात. किल्ली पुन्हा फिरवू नका, गाडी न्यूट्रलमध्येच ठेवून ओढून न्या.

काम झाल्यावर कव्हर आठवणीने लावा. पहिल्या दिवशी गावातल्या गावात चालवा. बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर पट्टा जास्त ताणला गेला आहे, फटफट आवाज आला तर सैल आहे. दोन्ही वेळा टेन्शनर पुन्हा पाहावा लागेल. आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: पट्टा बदलल्याची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर.