व्यवस्थापन शिक्षणसंस्थांतील उपक्रम आणि समावेशक नेतृत्वाची जडणघडण : एक विवेचन

प्रस्तावना

उद्योगसंस्था, बँका आणि सार्वजनिक उपक्रम यांचे नेतृत्व करणारी माणसे ज्या व्यवस्थापन शिक्षणसंस्थांतून घडतात, त्या संस्थांमध्ये प्रवेश कोणाला मिळतो या प्रश्नावर गेल्या अर्धशतकात जगभर पुष्कळ चर्चा झाली आहे. प्रवेश मिळाल्यानंतर वर्गात बोलते कोण, कोणाचे बोलणे ऐकले जाते आणि कोणाच्या नावावर गुण जमा होतात, हा प्रश्न मात्र तुलनेने उशिरा पुढे आला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने किंवा प्रवेशनियमांनी देता येते. दुसऱ्याचे उत्तर संस्थेच्या दैनंदिन उपक्रमांतच शोधावे लागते. वर्गचर्चा, गटकार्य, प्रकरण-अभ्यास आणि क्षेत्रकार्य या उपक्रमांच्या आधारे या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विविधता आणि समावेशन हे शब्द बहुधा जोडीने वापरले जात असले तरी ते समानार्थी नाहीत. विविधता मोजता येते. प्रवेशयादी पाहून ती सांगता येते. समावेशन हे त्या यादीतील व्यक्तींच्या परस्परव्यवहारात असते किंवा नसते. ज्याच्या हाती निर्णयाचा अधिकार आहे, त्याने निर्णय घेण्यापूर्वी कोणाचे म्हणणे अद्याप पुढे आलेले नाही याची दखल घेणे, हा समावेशक नेतृत्वाचा गाभा होय. ही सवय व्याख्यानातून लागत नाही. समानतेवरील व्याख्यान ऐकून वर्तन बदलल्याची उदाहरणे विरळाच. म्हणूनच या संदर्भात अभ्यासक्रमातील एखाद्या प्रकरणापेक्षा उपक्रमांची रचना अधिक महत्त्वाची ठरते.

वर्गचर्चा आणि गुणदान : हार्वर्डचा अनुभव

या विषयाचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलचे आहे. १९०८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने प्रकरण-अभ्यास, म्हणजेच केस पद्धती, व्यवस्थापन शिक्षणाचा कणा बनविली. एखाद्या उद्योगातील प्रत्यक्ष पेचप्रसंग विद्यार्थ्यांपुढे ठेवावयाचा आणि सुमारे ९० जणांच्या तुकडीने त्यावर चर्चा करावयाची, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. अनेक विषयांत एकूण गुणांपैकी निम्म्यापर्यंत गुण या तोंडी सहभागावर अवलंबून असतात. साहजिकच, वर्गात हात वर करणे, प्राध्यापकाचे लक्ष वेधून घेणे आणि मिळालेल्या अर्ध्या-एक मिनिटात ठामपणे मुद्दा मांडणे या कौशल्यांना येथे असाधारण मोल प्राप्त होते.

दोन वर्षांच्या पूर्ण एमबीए अभ्यासक्रमासाठी या संस्थेने स्त्रियांना प्रथम प्रवेश दिला तो १९६३ मध्ये, आणि त्या वर्षी त्यांची संख्या होती आठ. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्याही दीर्घकाळ नगण्यच राहिली. १९६८ मध्ये पाच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन आपली संघटना स्थापन केली आणि आपल्यासारख्या आणखी विद्यार्थ्यांना प्रवेश मिळावा म्हणून प्रशासनाकडे पाठपुरावा केला. त्या पाच जणांत लिलियन लिंकन ही एकमेव स्त्री होती. या संस्थेची एमबीए पदवी मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. येथे एक बाब नमूद करावयास हवी. हा पुढाकार संस्थेच्या धोरणातून नव्हे, तर विद्यार्थ्यांच्या उपक्रमातून आलेला होता.

पुढील चार दशकांत स्त्रियांचे प्रमाण एक-तृतीयांशाच्या पुढे गेले, परंतु गुणवत्तायादीत ते प्रतिबिंबित झाले नाही. प्रत्येक वर्गातील सर्वोच्च पाच टक्के विद्यार्थ्यांना ‘बेकर स्कॉलर’ हा बहुमान मिळतो. त्यात स्त्रियांचा वाटा वर्गातील त्यांच्या प्रमाणाच्या मानाने पुष्कळच कमी असे. प्रवेशाच्या वेळी ज्यांची पात्रता तुल्यबळ ठरली होती, त्याच विद्यार्थिनी वर्षअखेरीस मागे का पडतात, हा प्रश्न संस्थेला टाळता येण्यासारखा नव्हता.

मुंबईच्या आय.आय.टी.तून रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतलेले नितीन नोहरिया २०१० मध्ये या संस्थेचे अधिष्ठाता झाले. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी प्रा. फ्रान्सिस फ्राय यांच्या पुढाकाराने जे बदल झाले, त्यांची चिकित्सा उद्बोधक आहे. तास संपल्यावर कोण काय बोलले हे आठवून गुण देण्याची प्राध्यापकांची रीत होती. स्मरणशक्ती ही निःपक्षपाती नसते. ज्याच्याकडून उत्तम उत्तराची अपेक्षा असते त्याचे उत्तर अधिक स्पष्ट आठवते. यावर उपाय म्हणून वर्गात लघुलेखक बसविण्यात आले, जेणेकरून गुणदान नोंदीवर आधारलेले असावे. आपण कोणाला बोलण्याची संधी देतो आणि कोणाला किती गुण देतो, याचे स्त्री-पुरुषनिहाय चित्र प्राध्यापकांना तत्काळ पाहता येईल अशी संगणकीय सोय करण्यात आली. विद्यार्थिनींसाठी हात ठामपणे वर करण्याचे प्रशिक्षणवर्ग झाले. (हा तपशील हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे, परंतु ज्या वर्गात निम्मे गुण बोलण्याला आहेत, तेथे हात खांद्यापर्यंतच वर जातो की त्याहून उंच, हा गुणांचाच प्रश्न होय.) २०११ पासून केस पद्धतीला पूरक असा ‘फील्ड’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात नव्वद जणांसमोर बोलण्याऐवजी लहान गटांत प्रत्यक्ष काम करण्यावर भर होता.

२०१३ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तुकडीत बेकर स्कॉलरांपैकी जवळपास ४० टक्के स्त्रिया होत्या. हे प्रमाण वर्गातील त्यांच्या प्रमाणाशी मिळतेजुळते होते. मात्र यावरून घाईने अनुमान काढणे योग्य ठरणार नाही. सर्व बदल एकाच वेळी करण्यात आल्याने त्यांपैकी नेमका कोणता परिणामकारक ठरला, हे वेगळे काढणे शक्य नाही. लघुलेखकाच्या नोंदीमुळे गुण बदलले, की आपल्या गुणदानाकडे कोणीतरी पाहत आहे या जाणिवेने प्राध्यापकच बदलले? दुसरी शक्यता अधिक संभवनीय वाटते.

या प्रयोगाची मर्यादाही त्याच काळात उघड झाली. वर्तन घडविण्याचा हा प्रयत्न अनेक विद्यार्थ्यांना अतिरेकी वाटला, तर काहींनी एक वेगळीच तक्रार पुढे केली. त्यांच्या मते वर्गातील खरी दरी स्त्री-पुरुषांमधील नसून पैशाची होती. अतिश्रीमंत विद्यार्थ्यांची खासगी मंडळे, महागड्या सहली आणि मेजवान्या यांतून ओळखी वाढत, आणि व्यवसायात पुढे याच ओळखी उपयोगी पडत. वर्गातील बोलण्याची नोंद लघुलेखक ठेवू शकतो. मेजवानीचे निमंत्रण कोणाला गेले नाही, याची नोंद कोण ठेवणार?

प्रकरण-अभ्यासातील नायक कोण?

जानेवारी २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात नोहरिया यांनी संस्थेकडून स्त्रियांना मिळालेल्या वागणुकीबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. त्याच प्रसंगी त्यांनी एक आकडाही सांगितला. संस्थेच्या केसेसपैकी सुमारे ९ टक्क्यांतच मुख्य पात्र स्त्री होते. पुढील पाच वर्षांत हे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्याचा संकल्प त्यांनी केला.

वरवर पाहता ही बाब किरकोळ वाटते. परंतु एमबीएचा विद्यार्थी दोन वर्षांत शेकडो केसेस वाचतो आणि प्रत्येक वेळी ‘या जागी आपण असतो तर’ अशी कल्पना करतो. त्या जागेवर जवळजवळ नेहमी पुरुषच असेल, तर निर्णय घेणाऱ्या माणसाची प्रतिमा न शिकविताही पक्की होत जाते. त्याहून चिंतेची गोष्ट अशी की, स्त्री नायिका असली तरी वाचक तिच्याकडे त्याच नजरेने पाहत नाही. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅलीत भांडवल गुंतवणाऱ्या हायडी रोइझेन यांच्यावर हार्वर्डने एक केस प्रसिद्ध केली होती. २००३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील प्रा. फ्रँक फ्लिन यांनी ती वर्गात वापरताना एक साधा बदल केला. निम्म्या विद्यार्थ्यांना मूळ केस दिली, आणि उरलेल्यांना दिलेल्या प्रतीत ‘हायडी’च्या जागी ‘हॉवर्ड’ हे पुरुषी नाव घातले. बाकी मजकूर तोच होता. विद्यार्थ्यांनी दोघांनाही सारखेच कर्तबगार ठरविले. मात्र सहकारी म्हणून हॉवर्ड त्यांना हवासा वाटला, तर हायडी स्वार्थी आणि नकोशी वाटली.

समावेशक नेतृत्वाच्या प्रशिक्षणासाठी याहून कमी खर्चाचा उपक्रम सुचणे कठीण आहे. त्यास पाहुणे वक्ते लागत नाहीत, निधीही लागत नाही. विद्यार्थ्याला त्याचा पूर्वग्रह कोणी सांगत नाही. तो त्याच्याच हस्ताक्षरात त्याच्यापुढे येतो. मराठी वातावरणात नाव बदलताना स्त्री-पुरुष भेदाबरोबर आडनाव बदलूनही हा प्रयोग करता येईल. आडनावातून जात आणि धर्म यांचा अंदाज बांधण्याची सवय आपल्या समाजात किती खोल आहे, हे वेगळे सांगावयास नको.

भारतीय संस्था : जागा आणि आवाज

भारतात पहिल्या प्रश्नाचे उत्तर संविधान आणि कायदा यांनी दिले आहे. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील प्रवेश आरक्षण अधिनियम, २००६ अन्वये अनुसूचित जातींसाठी १५, अनुसूचित जमातींसाठी ७.५ आणि इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के जागा राखीव झाल्या, आणि एप्रिल २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अधिनियम वैध ठरविला. २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागांची तरतूद झाली. स्त्रियांसाठी आरक्षण नसले तरी अनेक भारतीय व्यवस्थापन संस्थांनी निवडप्रक्रियेत विद्यार्थिनींना, तसेच अभियांत्रिकीखेरीज इतर शाखांतील पदवीधरांना, काही अधिक गुण देण्याचे धोरण स्वीकारले. कोझिकोडच्या संस्थेत २०१३ साली दाखल झालेल्या तुकडीत निम्म्याहून अधिक विद्यार्थिनी होत्या. अमेरिकेत याउलट जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत अवैध ठरविली. त्यामुळे तेथे प्रवेशोत्तर उपक्रमांचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

अहमदाबादच्या संस्थेची उभारणी १९६१ पासून हार्वर्डच्या सहकार्याने झाली आणि केस पद्धती तेथूनच भारतीय व्यवस्थापन शिक्षणात रुजली. पद्धतीबरोबर तिचा दोषही आला, आणि येथे त्याला भाषेची जोड मिळाली. मराठी माध्यमातून शिकून, तालुक्याच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन एमबीएच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला मुद्दा सुचत नाही असे नव्हे. तो सुचतो, मनात इंग्रजीत जुळविला जातो, आणि तोवर चर्चा पुढे निघून गेलेली असते. प्राध्यापकाच्या नोंदीत मात्र ‘सहभाग नाही’ एवढेच उरते. गटकार्यातही असेच घडते. गट विद्यार्थ्यांवर सोडले की ते शहर, भाषा आणि पूर्वीचे महाविद्यालय यांनुसार जमतात. आणि मिश्र गट झाले तरी आकडेमोड व तक्ते एकाने करावेत आणि सादरीकरण अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्याने करावे, अशी वाटणी आपोआप होते. कार्यक्षमतेच्या दृष्टीने ती सोयीचीच असते, आणि म्हणूनच ती मोडत नाही. संस्थेने गट स्वतः ठरविणे, सादरकर्ता आयत्या वेळी चिठ्ठीने निवडणे, चर्चेपूर्वी पाच मिनिटे प्रत्येकाने आपले मत आपल्या भाषेत लिहून काढणे, आणि तोंडी सहभागाच्या गुणांत लेखी टिपणाचाही वाटा ठेवणे, हे उपाय साधे आहेत. त्यांना विरोध होतो तो बहुधा आधीपासून बोलणाऱ्यांकडून.

क्षेत्रकार्य आणि त्याची उलट बाजू

वर्गाबाहेरच्या उपक्रमांत मुंबईच्या एस. पी. जैन व्यवस्थापन संस्थेचा उल्लेख करावा लागतो. तेथील विद्यार्थ्यांना ग्रामीण भागातील स्वयंसेवी संस्थांमध्ये काही आठवडे काम करणे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बंधनकारक आहे. अहमदाबादच्या संस्थेत प्रा. अनिल गुप्ता यांनी ‘शोधयात्रा’ हा अभ्यासक्रम रुजविला; त्यात विद्यार्थी दुर्गम भागात पायी हिंडून तेथील लोकांचे ज्ञान आणि शोध समजून घेतात. अशा उपक्रमांत एक धोका कायम असतो. गाव हे पाहण्याचे स्थळ आणि गावकरी हे अहवालाचे साहित्य होऊन बसतात. शोधयात्रेचे वैशिष्ट्य हे की, तिच्यात शिक्षकाची जागा गावकऱ्याला दिलेली आहे.

याहून पुढचे पाऊल सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे टाकले गेले. तेथे व्यवस्थापन शाळेचे विद्यार्थी गावात गेले नाहीत, तर गावासाठीच शाळा निघाली. दुष्काळी माण तालुक्यात चेतना सिन्हा यांनी ग्रामीण स्त्रियांची सहकारी बँक काढण्याचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नाही या कारणास्तव रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. स्त्रियांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले. पुढे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले की, मुद्दल आणि दर सांगा, आम्ही यंत्राशिवाय व्याज काढतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही तेच करू द्या. हा प्रसंग सिन्हा यांनी स्वतः अनेकदा कथन केला आहे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. कर्ज मिळाले तरी हिशेब, बाजारभाव आणि विक्री यांचे ज्ञान नसेल तर धंदा टिकत नाही, या अनुभवातून २००६ मध्ये स्त्रियांसाठी व्यवसायशाळा निघाली. घरकाम आणि शेती सोडून ज्यांना म्हसवडपर्यंत येणे जमत नव्हते, त्यांच्यासाठी एका बसमध्येच वर्ग थाटण्यात आला, आणि ती बस गावोगाव जाऊ लागली. तेथील एका अभ्यासक्रमाला ‘देशी एमबीए’ असे नाव आहे. त्याच्या प्रवेशासाठी पदवी लागत नाही आणि वर्गातील चर्चा माणदेशी मराठीत चालते.