पट्टी कुणाची, गळा कुणाचा?

गेल्या आषाढी एकादशीची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात महिला मंडळाचं भजन होतं. माझ्या सासूबाई या मंडळातल्या सगळ्यात जुन्या. वय एकाहत्तर. तेरच्या गोरोबाकाकांचे अभंग त्यांना तोंडपाठ, कुठला कधी घ्यायचा हेही त्याच ठरवणार. त्या दिवशी मात्र दुसऱ्याच अभंगात वरच्या सुराला त्यांचा आवाज फाटला. ठसका लागला. मग त्या गप्पच बसल्या. शेवटपर्यंत नुसते टाळ वाजवत राहिल्या.

घरी येताना म्हणाल्या, "गळा गेला गं माझा. आता म्होरल्या एकादशीपासून मी नुसती टाळ धरीन."

मी काय बोलणार? वय झालं की असं व्हायचंच, अशी मीही मनाची समजूत घातली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, त्या ओट्यापाशी डाळ निवडत बसल्या होत्या आणि तोच अभंग गुणगुणत होत्या. अगदी गोड, मोकळा आवाज. वरचा सूरही सहज लागत होता. मी चहा गाळता गाळता थांबलेच. गळा गेला म्हणावं तर मग हे काय?

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं ते कपाटावर धूळ खात पडलेल्या एका खोक्यात!

कपाटावरचा कॅसिओ

2020च्या लॉकडाऊनमध्ये लेकीच्या हट्टापायी आमच्या घरी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला होता. चार महिने वाजला, मग तिची बारावी, मग पुण्याचं कॉलेज. तो बिचारा कपाटावर गेला. तुमच्याही घरी असेल बघा असाच एखादा. आपल्याकडे त्याला कुठल्याही कंपनीचा असला तरी 'कॅसिओ'च म्हणतात. ऑर्केस्ट्रात, वरातीत 'कॅसिओवाला' असतोच.

खरं सांगू? माझाही त्यात जीव गुंतलेला होता. कॉलेजात असताना मी पेटीची पहिली परीक्षा दिली होती. बी.ए. झाले, लग्न झालं, पेटी माहेरीच राहिली. नंतर बचत गट, शाळेची समिती, आरोग्य शिबिरं यांत दिवस गेले. बोटं मात्र अजून अलंकार विसरली नव्हती.

कीबोर्ड खाली काढला तर अ‍ॅडॉप्टर गायब. बाजारात एका दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "ताई, पिन बसली की झालं. सगळं चालतं." मी विश्वास ठेवला. घरी येऊन लावला, बटण दाबलं... एकदा लाल दिवा लागला आणि सगळं बंद! सोलापूरला दुरुस्तीला नेला. तिथल्या कारागिरानं समजावून सांगितलं, की पिन बसणं वेगळं आणि वीज जुळणं वेगळं. कीबोर्डच्या मागे किती व्होल्ट हवेत ते लिहिलेलं असतं. कुठे नऊ, कुठे बारा. शेजारी एका छोट्या वर्तुळाचं चित्र असतं, त्यावर आतल्या टोकाला अधिक की उणे ते दाखवलेलं असतं. अ‍ॅडॉप्टरवरही तसंच चित्र असतं. दोन्ही चित्रं सारखी असली तरच लावायचं. आमचं उलटं होतं. नशीब, थोडक्यात निभावलं. पण सातशे रुपये गेले आणि अक्कल आली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. आपल्याकडे वळवाचा पाऊस आला, विजा कडाडायला लागल्या, की आधी पिन काढते. आणि वीज जाण्या-येण्याचा खेळ सुरू असला तर सेलवर वाजवते. बहुतेक घरगुती कीबोर्डमध्ये सहा सेल बसतात. मंदिरात न्यायचा तर ही सोय फार कामाची, कारण तिथे प्लग कुठल्या कोपऱ्यात असेल याचा नेम नाही.

मांडायचा कसा, हाही एक प्रश्नच होता. लेक खुर्चीवर बसून, स्टँडवर ठेवून वाजवायची. आम्ही पडलो सतरंजीवर बसणाऱ्या. मग देवघरातला चौरंग काढला. नियम एकच, हात पट्ट्यांवर ठेवले की कोपर साधारण पट्ट्यांच्याच उंचीवर हवं आणि खांदे उचललेले नकोत. चौरंग थोडा बुटका होता, खाली जाड पाट सरकवला. झालं काम.

'ह्याला भाता कुठंय?'

सासूबाई लांबून बघत होत्या. मी 'सा' दाबला तशा जवळ आल्या. "माय, ह्याला भाता कुठंय? वारा न घालता वाजतंय व्हय!"

त्यांचं नवल बरोबरच होतं. पेटीत भात्याची हवा पितळी स्वरपत्त्यांवरून जाते, पत्ती थरथरते, सूर निघतो. कीबोर्डमध्ये ना हवा ना पत्ती. सूर विजेवर तयार होतो आणि स्पीकरमधून येतो. पण नातं अगदीच लांबचं नाही हं. यामाहा कंपनीचे संस्थापक तोराकुसु यामाहा यांनी 1887 मध्ये जपानमधल्या हामामात्सु गावातल्या शाळेचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला होता. म्हणजे आपल्या नाटकात वाजायची ती पायपेटीच म्हणा ना! त्यातून त्यांनी स्वतःचा ऑर्गन बनवला आणि तो खांद्यावरून डोंगर ओलांडून टोकियोला परीक्षेसाठी नेला. तिथे कळलं, की वाद्य उभं राहिलंय पण सूर जुळलेले नाहीत. मग हा माणूस तिथेच राहून सूर जुळवायला शिकला. कॅसिओचं तर मूळच कॅल्क्युलेटरचं. त्यांचा पहिला कीबोर्ड आला 1980 मध्ये.

पेटी तरी कुठे आपली होती? तीही फ्रान्सकडून आली. कोलकात्यात तिला हाताच्या भात्याचं, मांडी घालून वाजवायचं रूप मिळालं. आपल्या संगीत नाटकांनी तिला घरचं केलं, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मान मिळवून दिला. तरीही आकाशवाणीवर 1940 ते 1971 अशी तब्बल एकतीस वर्षं पेटीला बंदी होती! कारण काय, तर तिच्यात मींड निघत नाही, श्रुती नाहीत. आज कीबोर्डला नाकं मुरडणारे हेच म्हणतात. म्हणणं खोटं नाही. कीबोर्डचा गंधार आपल्या गळ्यातल्या गंधारापेक्षा किंचित चढाच असतो. तंबोऱ्याशी लावून बघितलं की कळतं. पण आम्हाला काही मैफल गाजवायची नव्हती.

गळा गेला नव्हता...

एका दुपारी सासूबाईंना जवळ बसवलं. म्हटलं, "आई, डाळ निवडताना म्हणता ना, तसंच म्हणा. माझ्याकडे बघू नका." त्या गाऊ लागल्या आणि मी एकेक पट्टी दाबत त्यांचा 'सा' शोधला. सापडला तो काळी चारमध्ये.

आमच्या मंदिरात भजन होतं काळी एकमध्ये!

ज्यांना पट्टीचा हिशोब माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेटीवर एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या अशा बारा पट्ट्या असतात. यातली कुठलीही पट्टी 'सा' धरून गाता येतं. पुरुषांचा गळा साधारण काळी एक, पांढरी दोनच्या आसपास बसतो. बायकांचा बहुधा काळी चार, काळी पाच या बाजूला, पुरुषांच्या वरच्या सप्तकाच्या अलीकडेच. वय वाढलं की तोही आणखी खाली येतो. आता बाईनं काळी एक धरली तर काय होतं? खालून गावं तर आवाज पोचत नाही, म्हणून ती वरची काळी एक धरते. सुरुवातीला छान वाटतं, पण अभंग चढू लागला की गळा आवळतो, शिरा ताणतात, आवाज फाटतो. तरुणपणी रेटून नेता येतं. सत्तरीत नाही.

मंदिरातल्या पेटीवाल्या काकांचा यात काही दोष नाही. ते फार सज्जन. तीस वर्षं एक पैसा न घेता वाजवतात. त्यांचा गळा काळी एकचा, हातही त्याच पट्टीवर बसलेला. त्यांनी कधी विचारलं नाही आणि आम्ही कधी सांगितलं नाही. सांगायला आम्हाला तरी कुठे माहीत होतं, की आपलीही एक पट्टी असते!

गंमत बघा. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईला पट्टी विचारायला कुणी नव्हतं. ती पहाटे आपल्या गळ्याला येईल तसं गायची. तिथून ती मंदिरात आली, समोर पेटी आली आणि तिचा गळा पेटीच्या मागे धावू लागला. स्वयंपाकात मीठ किती, इथपासून घरात कुठल्या आवाजात बोलायचं इथपर्यंत आपण दुसऱ्याच्या पट्टीत जुळवून घेतोच की. तसंच हे.

तुमची पट्टी शोधायची असेल तर घाई करू नका. सकाळी उठल्या उठल्या नको. बोलायचा आवाज मोकळा झाला की बसा. सहज येईल तो 'सा' धरा. तिथून खाली उतरत खालच्या 'प'पर्यंत आवाज ऐकू येतो का पाहा. मग वर चढत वरच्या 'ग'पर्यंत मान न ताणता जाता येतं का पाहा. दोन्ही जमलं तर तीच तुमची पट्टी. नाही जमलं तर एक पट्टी खाली किंवा वर सरका.

एक बटण, मोठं काम

आता अडचण माझी होती. काळी चारमध्ये वाजवायचं तर बोटं काळ्या-पांढऱ्यांत अडखळतात. मला येत होतं ते पांढरी एकमधलं, सगळे शुद्ध स्वर पांढऱ्यावर. इथे कीबोर्डनं हात दिला. त्यात 'ट्रान्सपोज' नावाचं बटण असतं. ते उणे चारवर नेलं, की बोटं पांढरी एकमध्येच चालतात आणि आवाज मात्र काळी चारचा येतो. पेटीत ही सोय हवी तर स्केल चेंजर घ्यावी लागते, ती महाग. फक्त एक लक्षात ठेवा, कीबोर्ड बंद करून सुरू केला की बहुतेक वेळा हे परत शून्यावर येतं. भजनाला सुरुवात करण्याआधी आकडा बघायचाच.

त्यात शेकडो आवाज असतात. बासरी, व्हायोलिन, पियानो. आमच्या कीबोर्डवर पेटीचाही आहे, आम्ही तोच ठेवला. ताल आपोआप वाजवायचं बटणही असतं. ते एकदा लावून पाहिलं तर सासूबाई वैतागल्या. "ह्यो बाबा थांबतच न्हाई! आम्ही दम कवा घ्यायचा?" खरंच, यंत्राचा ठेका कुणासाठी थांबत नाही. ढोलकी वाजवणारी बाई मात्र म्हणणारीच्या तोंडाकडे बघून वाजवते. ते बटण आम्ही कायमचं बंद केलं. मुलांना शिकवतानाही सुरुवातीला ते बंदच ठेवावं, हाताला लय बसू द्यावी.

दसऱ्याला वाद्यांची पूजा असते. सासूबाईंनी प्रेमानं कीबोर्डला हळदीकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दोन पट्ट्या अडकून बसल्या! फटीत कुंकू गेलं होतं. मऊ ब्रशनं काढलं. आता जुन्या खणाचं आच्छादन शिवलंय, पूजा त्याच्यावर. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या धुळीलाही तेच औषध. पुसायला किंचित ओलसर कापड पुरे, स्पिरिट वगैरे लावू नये.

कार्तिकी एकादशी

श्रावणापासून मंडळातल्या बायका दुपारी आमच्याकडे जमू लागल्या. प्रत्येकीची पट्टी काढली. कुणाची काळी चार, कुणाची काळी पाच, एकीची चक्क पांढरी चार. पन्नाशीतली ती बाई हसत म्हणाली, "इतकी वर्षं मी नुसती तोंड हलवायचे, वहिनी. वाटायचं, आपल्याला सूरच नाही." मला एकदम भरून आलं. किती जणी अशा तोंड हलवत बसल्या असतील!

सगळ्यांना झेपेल अशी काळी चार ठरवली. पण मंदिरात काकांना सांगायचं कुणी? शेवटी सासूबाईच गेल्या. "भाऊ, एवढी एक एकादशी आम्ही आमच्या पट्टीत म्हणतो." काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "अवो अक्का, तीस वर्षं माझ्या पट्टीत ओढत नेलं व्हय मी तुम्हाला? आधी का नाही बोललात?"

याला काय उत्तर द्यायचं?

कार्तिकीला चौरंगावर कीबोर्ड मांडला. माझे हात थरथरत होते, दोनदा चुकले. काका शेजारी टाळ घेऊन बसले. गोरोबाकाकांचा अभंग सुरू झाला, वर चढला आणि सासूबाई सहज वर गेल्या. मागे सगळ्याजणी. तोंड हलवणारी ती बाईसुद्धा.

घरी आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. रोजच्यासारखं कोमट पाणी, मीठ असेल म्हणून मी वळले, तर म्हणाल्या, "साधंच दे गं. आज गळा दुखला न्हाई."

तुमच्या कपाटावर असेल तो कीबोर्ड, तर मैत्रिणींनो, खाली काढा. आणि आधी घरातल्या थोरलीला विचारा, तिची पट्टी कोणती ते.