काव्याचें प्रयोजन

घरांतील एखादा मुलगा कविता करूं लागला म्हणजे 'याचा उपयोग काय?' असें वडील मंडळी हटकून विचारतात. प्रश्न रास्त आहे. अकराव्या शतकांत काश्मीरच्या मम्मटाचार्यांनीं 'काव्यप्रकाशा'च्या आरंभींच त्याचें उत्तर देऊन सहा प्रयोजनें सांगितलीं : यश, धन, व्यवहारज्ञान, अमंगलाचा नाश, वाचतांक्षणींच होणारा परमानंद आणि कांतेसारखा उपदेश. यशाला उदाहरण कालिदासाचें. धनाला श्रीहर्षाच्या आश्रयाखालील धावकाचें (कांहीं पोथ्यांत येथें बाणाचें नांव आहे). अमंगलनाशाला सूर्यस्तुति करणाऱ्या मयूराचें.

सहावें प्रयोजन मोठें मार्मिक आहे. वेदाचें वचन धन्याच्या हुकुमासारखें, तेथें 'कां?' म्हणून विचारावयाचें नाहीं. पुराणें मित्राप्रमाणें हिताहित समजावून देतात. काव्य मात्र प्रिय पत्नीप्रमाणें आधीं मन आपलेंसें करतें आणि मग, आपल्याला नकळत, रामाच्या वाटेला लावतें व रावणाच्या वाटेवरून परतवितें. ही उपमा योजणारे आचार्य केवळ पोथींत डोकें खुपसून बसलेले नसावेत!

परंतु ही झाली शास्त्रकाराची यादी. प्रत्यक्ष कवि काय म्हणतात? ज्या कालिदासाला मम्मटांनीं यशाचा दाखला केलें, तोच 'रघुवंशा'च्या प्रारंभीं, कीर्तीची हांव धरल्याबद्दल आपलें हंसें होईल, अशी धास्ती बाळगतो. भवभूतीचा बाणा निराळा. 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेंत तो निंदकांकडे सरळ पाठ फिरवितो आणि पुढें केव्हां तरी जन्मास येणाऱ्या समानधर्म्यावर भिस्त ठेवतो. यांत धन नाहीं, हयातींतलें यश नाहीं, उपदेशहि नाहीं. न पाहिलेल्या वाचकावरची श्रद्धा तेवढी आहे. मम्मटांच्या सहा प्रयोजनांत तिला जागा सांपडत नाहीं, आणि माझ्या मतें मुलाच्या वहींत प्रथम शोधावयाची ती हीच. द्रव्याचा हिशेब मागाहून.

मराठींत केशवसुतांचें (१८६६–१९०५) उदाहरण असेंच आहे. शिक्षकाची नोकरी संभाळून त्यांनीं कविता लिहिल्या. कवीवांचून जगाला मोल उरणार नाहीं, असा 'आम्ही कोण?' या कवितेंत त्यांचा दावा. आणि हयातींत एकहि संग्रह निघाला नाहीं! १९०५ मध्यें हुबळीस प्लेगनें त्यांचा अंत झाला. त्या विखुरलेल्या कविता पुढें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या त्या कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनीं.